ठिबक

ओम्नीचं इंजिन सीटखालीच असतं,
म्हणून काट्याच्या आधी मांड्यांना कळतं.

मागं चारशे रोपं, टिश्यूची केळी,
साकळीला पोचवायची, ऊन चढायच्या आत.

दोन वर्षं मी पाणी टाकत आले.
सावद्याला एक बाटली, यावलला अर्धी,
चैत्र लागला की कॅनच.
कोणी विचारलं तर म्हणायची, जुनी आहे, पिते.

गाडीखाली कधी ओल दिसली नाही.
दिसणार कशी?
इथं मे महिन्यात थेंब सुटतो,
पण डांबरापर्यंत पोचत नाही.

हंबर्डीच्या अलीकडं काटा लाल रेघेला टेकला.
मागं केळीचे ट्रक, कडेला चर, थांबू कुठं?
फोनवर लुकमान तडवी:
"एसी नसंलच. हीटर लावा."
बाहेर सेहेचाळीस.
ह्या गाडीला हीटर आहे
हेही मला त्याच दिवशी कळलं.
भट्टीचं तोंड पायांवर उघडलं,
आणि काटा खरंच दोन केस खाली आला.

गॅरेज म्हणजे मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स,
चार बांबूंवर ताणलेला.
मी रेडिएटरच्या झाकणाकडं हात नेला तर
त्यानं स्वतःचा हात मध्ये घातला.
कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चकचकीत, एक केस नाही.
"एकोणीसचा होतो. घाई होती.
कशाची, ते आता आठवत नाही."

तासभर नुसतं बसलो.
त्याच्या पोरीनं, नर्गिसनं, न सांगता
माझ्या रोपांवर तांब्यानं पाणी शिंपडलं.

मग सायकलच्या पंपासारखं काहीतरी
त्यानं झाकणाच्या जागी बसवलं, हवा भरली.
पंधरा.
आम्ही डायल बघत राहिलो, भाताला शिटी यायची वाट बघावी तसं.
चौदा.
लांब कुठंतरी बोअरची गाडी ठोकत होती.
साडेतेरा.
"जाऊन राह्यलं ना कुठंतरी."

होज दाबून पाहिले. जाळी पाहिली.
तेलाची कांडी काढून चिमटीत चोळली,
दुधाळ नाही; हेड वाचलं, म्हणाला.
सीट उचलली. दाढीचा आरसा आत धरला, टॉर्च मारला,
आणि गप्प झाला.

"हे कोणं बुजोलं?"

पाण्याच्या पंपाच्या पोटाशी
एम-सीलचा गोळा, वर माझा अंगठा उमटलेला.

मीच. दिवाळीच्या आधी.
माझा धंदाच तो, रोपं देते, ठिबक जोडून देते;
नळीला नको तिथं भोक दिसलं
की हात खिशातल्या एम-सीलकडं जातो.

"ताई, हे भोक कंपनीच ठेवते.
आतलं सील गेलं की पंप इथून रडते.
रडला तं समजते.
तुम्ही त्याचं तोंडच दाबलं.
मंग पाणी गेलं बेरिंगात."
पुली धरून हलवली: टक, टक.
हलत्या दातासारखी.

पंप भुसावळहून एसटीच्या ड्रायव्हरकडं आला.
जुना काढताना हिरवं पाणी मातीत सांडलं,
एक शेळी लगेच मान लांबवून आली.
इतका वेळ हळू बोलणारा माणूस ओरडला,
"नर्गिस, हाकल! गोड लागते ते, चाटलं तं मरंल!"
आणि दोन बादल्या पाणी ओतून जागा धुतली,
माती काळी होईपर्यंत.

नवा पंप, नवं कूलंट, झाकण उघडंच.
इंजिन चालू.
बुडबुडे येत राहिले, मोठे, मग बारीक, मग एक,
मग बराच वेळ एकही नाही.
पंखा आपसूक फिरला, आपसूक थांबला.
पुन्हा डायल लावली.
पंधरा. पंधरा. चहा झाला, पंधरा.

साकळीला पोचले तेव्हा अंधार होता.
अकरा रोपं गेली.
शेतकऱ्यानं मोजली नाहीत, मी मोजली.

आता बाटली भरलेलीच असते.
तरी यावल आलं की पाय ब्रेकवर जातो,
गाडी बाजूला घेते, उतरते,
आणि उतरलेच आहे म्हणून
ते पाणी मीच पिते.